शेतावर लोखंडी सळई कापण्याच्या हत्यारांची निवड व दक्षता

यावल तालुक्यातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन होय. त्यासाठी वसविलेल्या टिळकनगराची रचना चित्रकार नंदलाल बसू यांनी बांबू व आसपास मिळणाऱ्या साहित्यातून करून घेतली होती. त्या काळी गोठ्याचा व मळ्यातील मांडवाचा सांगाडाही लाकडाचा किंवा बांबूचाच असे, आणि तो तोडण्यास कोयता व कुऱ्हाड ही दोन हत्यारे घरोघर असत. आता तापीच्या काठापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत कोणत्याही मळ्यात गेले तरी गोठ्याचे दार, खिडकीचे गज, मोटारीच्या पायातील बोल्ट, ट्रॉलीच्या फाळक्याच्या खिळी, केळीच्या बागेत ठिबकाच्या नळ्या जमिनीला धरून ठेवणारे आकडे, असे कितीतरी सामान लोखंडी सळईचे असते. ह्यांपैकी बरेचसे काम शेतकरी स्वतःच पडवीत किंवा खळ्यावर बसून करतो, व ते योग्यही आहे. दोन आकड्यांसाठी बाजाराची फेरी कोणास परवडेल?

परंतु लाकूड तोडण्याच्या हत्यारांची जी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख शेतकऱ्यास आहे, ती लोखंड कापण्याच्या हत्यारांची नाही. घरात जे हत्यार असेल त्यानेच सर्व प्रकारची सळई कापावयाची, किंवा शेजाऱ्याने ग्राइंडर घेतला म्हणून आपणही घ्यावयाचा, अशी पद्धत पडत चालली आहे. सळई कोणत्या जातीची, किती जाड, किती तुकडे करावयाचे आणि काम कोठे करावयाचे, ह्या चार गोष्टी पाहून हत्यार निवडले तर काम स्वस्तात होते आणि डोळे व बोटेही शाबूत राहतात.

सळईची ओळख

लोखंडाच्या दुकानात अजूनही सुताची भाषा चालते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सुती सळई सुमारे ६ मि.मी., अडीच सुती ८ मि.मी., तीन सुती १० मि.मी. आणि चार सुती १२ मि.मी. समजली जाते. जाडीवरून वजन काढण्याची रीत सोपी आहे : जाडी मि.मी.मध्ये घेऊन तिचा वर्ग करावा व त्यास १६२ ने भागावे. येणारा आकडा म्हणजे एका मीटरचे किलोग्रॅममधील वजन. ह्या हिशोबाने तीन सुती सळई मीटरला ०.६१७ किलो भरते. बांधकामाची सळई साधारणतः १२ मीटर लांबीची येते, म्हणजे अशी एक अखंड सळई सुमारे ७.४ किलोची झाली. खरेदी करताना हा हिशोब जवळ असावा.

जाडीपेक्षाही जात महत्त्वाची आहे. गुळगुळीत, गोल सळई बहुधा मृदू पोलादाची असते. ती करवतीने लोण्यासारखी नव्हे, परंतु न कुरकुरता कापली जाते. अंगावर तिरप्या धारा असलेली टीएमटी सळई निराळी. ती कारखान्यात लाल तप्त असतानाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने थंड केलेली असते. त्यामुळे तिची वरची साल कठीण होते व गाभा त्या मानाने मऊ राहतो. करवतीचे पाते आरंभी सालीवरून घसरते आणि आत शिरल्यावर चांगले चालते, त्याचे कारण हेच. तिसरी जात म्हणजे मालमोटारीच्या कमानीचे पाटे. वखराची पास किंवा कोळप्याची पाती करण्यासाठी ते भंगारातून आणले जातात. हे पोलाद फार कठीण असते व थंड असता घाव घातल्यास काचेप्रमाणे तडकते.

जात ओळखण्यास यंत्र लागत नाही. कानशीचा कोपरा सळईवर घासून पाहावा. कानस धातूत रुतून चमकदार ओरखडा उमटला तर पोलाद मऊ आहे. ती घसरून नुसता कर्कश आवाज आला तर ते कठीण आहे. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे आणि पुढील निम्मे अपघात येथेच टळण्याजोगे आहेत.

हातकरवत

घरगुती कामासाठी पहिले हत्यार हातकरवतच असावे. बाजारात तिला हॅकसॉ व तिच्या पात्याला एक्सा ब्लेड म्हणतात. पाते बहुधा १२ इंची असते. त्याच्या एका इंचात किती दात आहेत हे पात्यावर छापलेले असते, व निवड त्यावरूनच करावयाची असते. भरीव सळईसाठी १८ दातांचे, बारीक सळई व जाड नळीसाठी २४ दातांचे, आणि पातळ पत्रा किंवा पातळ नळीसाठी ३२ दातांचे पाते घ्यावे. कापताना निदान तीन दात एकाच वेळी धातूवर टेकलेले असावेत, असा ह्यामागील नियम आहे. दोनच दात टेकले तर ते धातूच्या कडेत अडकतात व मोडतात. मग दुकानदाराने पाते खोटे दिले अशी तक्रार होते. बहुतेक वेळा पाते खोटे नसते, चुकीचे निवडलेले असते.

पात्यातही दोन प्रकार आहेत. एक संपूर्ण कठीण केलेले. ते सरळ कापते, पण थोडे पिळले की तुकडे होऊन उडते. दुसरे दुधातूचे, ज्यात दात तेवढे कठीण व पाठ लवचिक असते. त्याची किंमत अधिक असली तरी ज्याचा हात करवतीवर बसलेला नाही त्याने दुसरेच घ्यावे.

पाते चढविताना दातांची टोके मुठीकडे नव्हे, पुढच्या बाजूस असली पाहिजेत. करवत पुढे ढकलताना कापते, मागे ओढताना नाही. म्हणून पुढे जाताना दाब द्यावा व मागे येताना हात हलका सोडावा. मिनिटाला चाळीस ते पन्नास फेऱ्या पुरेत. ह्यापेक्षा घाई केली तर पाते तापते, दात बोथट होतात आणि काम लवकर होण्याऐवजी लांबते. पात्याची पूर्ण लांबी वापरावी. पुष्कळ घरांत पात्याचे मधले चार इंच झिजलेले व दोन्ही टोके कोरी राहिलेली दिसतात. काप सुरू करण्यापूर्वी खुणेवर तिकोनी कानशीने लहानशी खाच पाडली म्हणजे टीएमटी सळईच्या कठीण सालीवरून पाते घसरत नाही. अर्ध्या कापात पाते मोडले व नवे चढविले, तर ते जुन्या खाचेत घालू नये. झिजलेल्या पात्याची खाच अरुंद असते, नवे पाते तीत अडकून लगेच मोडते. अशा वेळी सळई फिरवून दुसऱ्या बाजूने काप घ्यावा.

करवतीइतकाच शेगडा महत्त्वाचा आहे. सळई पायाखाली दाबून किंवा दुसऱ्या माणसास धरावयास सांगून कापण्याची पद्धत सर्वत्र दिसते. ती सोडून द्यावी. पायाखालची सळई फिरते, करवत सरकते आणि घाव घोट्याशी किंवा धरणाऱ्याच्या बोटांवर येतो. मजबूत लाकडी ओंडक्यावर किंवा फळीवर बोल्टने बसविलेला चार इंची शेगडा घरात एकदा आला की तो पुढच्या पिढीसही उपयोगी पडतो. काप शेगड्याच्या जबड्यापासून बोटभर अंतरावर घ्यावा. दूर घेतल्यास सळई थरथरते. लांब सळईचे दुसरे टोक त्याच उंचीच्या टेकूवर ठेवावे. शेवटचे दोन-तीन घाव हलके द्यावेत, नाहीतर सळई सुटताच करवतीसह हात पुढे जाऊन बोटांची पेरे सोलली जातात.

एक हिशोब येथे सांगणे जरुरीचे आहे. १२ मीटर सळईचे १.२० मीटरचे दहा तुकडे निघतील असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात नऊ काप घ्यावे लागतात व प्रत्येक काप एक ते तीन मि.मी. धातू खातो, म्हणून शेवटचा तुकडा आखूड भरतो. दाराची चौकट ठरवितानाच गज ५ मि.मी.ने आखूड धरले तर दुसरी सळई विकत आणण्याची पाळी येत नाही. टीएमटीचे कारखान्यातून आलेले टोकही पुष्कळदा वाकडे असते. तेही मोजमापातून वगळावे.

बोल्ट कटर व सळई तोडण्याचे हातयंत्र

ठिबकाच्या नळ्यांसाठी दोन सुती सळईचे दोन-तीनशे आकडे करावयाचे असतील तर हातकरवत पुरणार नाही. तेथे लांब दांड्यांचा बोल्ट कटर कामाचा. कोणत्या जाडीपर्यंत व कोणत्या कठीणपणापर्यंत तो चालेल हे चांगल्या हत्याराबरोबर दिलेले असते, आणि मऊ व कठीण पोलादासाठी हे आकडे वेगवेगळे असतात. मऊ सळईसाठी दिलेला आकडा पाहून त्याच जाडीची टीएमटी सळई त्यात घालणे म्हणजे जबडा फोडून घेणे होय. दांड्यांना नळ्या जोडून जोर वाढवू नये. कमानीचा पाटा, कठीण केलेली साखळी किंवा खिळ त्यात कधीही घालू नये.

ह्या हत्याराचा खरा धोका जबड्यात नसून तुटलेल्या तुकड्यात आहे. सळई तुटताना आखूड तुकडा गोळीसारखा उडतो. म्हणून टोक जमिनीकडे वळवावे, त्यावर ओले गोणपाट टाकावे आणि मगच दांडे मिटावेत. समोर माणूस, विशेषतः मूल, उभे राहू देऊ नये.

बांधकामावर फळीवर बसविलेले व लांब लोखंडी दांड्याने चालणारे सळई तोडण्याचे यंत्र दिसते. तीन-चार सुती टीएमटीचे बरेच तुकडे करावयाचे असल्यास हे सर्वांत सोयीचे. त्याला वीज लागत नाही, ठिणगी उडत नाही. दांडा ओढणारा व सळई सरकविणारा अशी दोन माणसे असतात, आणि एकाने दुसऱ्याची वाट न पाहता दांडा ओढला की बोट जाते. सळई सरकविणाऱ्याने 'हां' म्हटल्याखेरीज दांडा हलू नये, एवढा नियम ठरवून घ्यावा. हे यंत्र एका घराने घेण्यापेक्षा गटाने घ्यावे. गावात अवजारे बँक असेल तर तिच्या यादीत मोठ्या अवजारांबरोबर असे एक यंत्र व एक मोठा शेगडा असण्यास हरकत नसावी.

छिन्नी, हातोडा व लोहाराची भट्टी

छिन्नीने सळई तोडणे ही जुनी रीत. अडचणीच्या जागी ती अजूनही उपयोगी आहे, परंतु ती निरुपद्रवी आहे हा समज चुकीचा आहे. डोळ्याच्या आत धातूचा कण घुसण्याच्या दुखापती पुष्कळदा यंत्राने नव्हे, तर लोखंडावर लोखंड आपटताना होतात. छिन्नीचे डोके घाव खाऊन छत्रीसारखे फुलते, त्याच्या कडा तडकतात आणि एखादा कण सुटून येतो. तो इतका लहान व वेगवान असतो की डोळ्याला नुसती टोचणी जाणवते. काही वेळाने ती थांबते व माणूस कामाला लागतो. कण आतच गंजत राहिला तर दृष्टी हळूहळू जाते. फुललेले डोके कानशीने किंवा सहाणेवर घासून साफ केल्याशिवाय छिन्नी वापरू नये, आणि एका हातोड्यावर दुसरा हातोडा कधीच मारू नये.

कमानीचा पाटा मात्र लोहाराकडेच न्यावा. तो भट्टीत लाल करून ऐरणीवर तोडला म्हणजे सरळ तुटतो, आणि पास घडवून झाल्यावर तिला पाणी देण्याचे कामही तोच करतो. घरी ग्राइंडरने कापलेल्या पात्याची कड तापून निळी पडते, म्हणजे तेथील कठीणपणा गेलेला असतो; अशी पास काळ्या जमिनीत लवकर बोथट होते. ह्या कामात लोहाराच्या मजुरीची काटकसर करणे शहाणपणाचे नाही.

ग्राइंडर

हाती धरून चालविण्याचा हा वेगवान ग्राइंडर जर्मनीत १९५४ मध्ये बाजारात आला. ज्या कारखान्याने तो काढला त्याच्या 'फ्लेक्स' ह्या नावानेच तेथे लोक त्याला अजून ओळखतात. आपल्याकडे तो आता खेड्यापाड्यांत पोहोचला आहे. काँक्रीटमध्ये बसलेला गज जागेवरच कापावयाचा असेल, गंजलेला बोल्ट निघत नसेल, तर त्याला तोड नाही. परंतु पडवीत बसून वीस-पंचवीस गज कापण्यासाठी तो घेणे अनावश्यक होय. तीन सुती सळई नव्या पात्याच्या हातकरवतीने दोन-तीन मिनिटांत कापली जाते. ग्राइंडरला काही सेकंद लागतात, पण त्या सेकंदांसाठी किती तयारी करावी लागते हे पुढील वर्णनावरून ध्यानात येईल.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. त्या गतीत चकतीची कड ताशी २०० कि.मी.हून अधिक वेगाने धावत असते. प्रत्येक चकतीवर तिची कमाल गती छापलेली असते; ती यंत्राच्या गतीपेक्षा अधिक असलीच पाहिजे. सात इंची चकतीची मर्यादा बहुधा ८,५०० फेऱ्यांची असते. मोठी चकती खोलवर कापते म्हणून संरक्षक झाकण काढून ती लहान यंत्रावर बसविण्याचे जे प्रकार होतात, त्यांत चकती फुटून तिचे तुकडे तोंडावर व गळ्यावर येतात. लाकूड कापण्याची दातेरी चकतीही ह्या यंत्रावर चढवू नये. झाकण काढलेले यंत्र कितीही स्वस्तात मिळाले तरी विकत घेऊ नये.

कापण्याची चकती पातळ असते. ती कापण्यासाठीच आहे. तिच्या अंगाने घासून टोक गुळगुळीत करू नये, त्यासाठी जाड चकती वेगळी मिळते. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना व वर्ष छापलेले असते. राळेने बांधलेल्या अशा चकत्यांची मुदत साधारणतः तीन वर्षांची धरली जाते. मुदत संपलेली, भिजलेली किंवा कड उडालेली चकती टाकून द्यावी. नवी चकती चढविल्यावर बाजूला उभे राहून यंत्र मिनिटभर मोकळे फिरू द्यावे.

यंत्र झटका देऊन उसळते ते बहुधा सळईच्या टेकूमुळे. सळई दोन्ही टोकांना टेकवून मध्ये कापली तर ती स्वतःच्या वजनाने खचते, काप मिटतो आणि फिरती चकती त्यात पकडली जाते. म्हणून सळई एका बाजूस शेगड्यात घट्ट धरावी व कापावयाचे टोक मोकळे लोंबते ठेवावे. मग काप मिटण्याऐवजी उघडत जातो. दोन्ही हात यंत्रावर असावेत आणि चकतीच्या रेषेत तोंड नसावे. बटण बंद केल्यावरही चकती काही वेळ फिरत राहते. ती थांबेपर्यंत यंत्र खाली ठेवू नये.

विजेचा प्रश्न मळ्यात अधिक बिकट आहे. पंपाच्या पेटीतून एक तार व जमिनीत ठोकलेली खुंटी, अशा जोडणीवर यंत्र चालविणे प्राणावर बेतू शकते. यंत्र भूसंबंधन असलेल्या जागीच, ३० मिलिअँपिअरवर वीज तोडणाऱ्या संरक्षक खटक्यामार्फत चालवावे. ओल्या जमिनीवर उभे राहू नये. बॅटरीवर चालणारे ग्राइंडर आता मिळतात. त्यांत धक्क्याचे भय राहत नाही, चकतीचे मात्र तेवढेच राहते.

शेवटी आग. चैत्र-वैशाखात यावल-भुसावळ भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि त्याच दिवसांत खळ्यावर कडब्याची गंजी, बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग व केळीची वाळलेली पाने असतात. ग्राइंडरची ठिणगी कित्येक फूट दूर जाऊन पडते व गंजीत धुमसत राहते. ज्वाळा तास-दोन तासांनी, माणसे घरी गेल्यावर दिसते. म्हणून हे काम खळ्यावर करूच नये. मोकळ्या, झाडून घेतलेल्या व पाणी शिंपडलेल्या जागी करावे, डिझेलचे डबे दूर ठेवावेत, पाण्याच्या दोन बादल्या जवळ असाव्यात, आणि काम संपल्यावर तासभर कोणीतरी तेथे थांबावे. ज्याला एवढे जमणार नाही त्याने सळई यावल किंवा फैजपूरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात कापून घ्यावी. पाच सुतांहून जाड सळई व लोखंडी अँगल तर तेथेच न्यावेत. तेथील जमिनीवर बसविलेल्या मोठ्या यंत्रावर ते काम अधिक सरळ व सुरक्षित होते.

पोशाख व उपचार

कोणतेही हत्यार असो, डोळ्यांवर बाजूंनी बंद असलेला संरक्षक चष्मा हवाच. उन्हाचा किंवा वाचण्याचा चष्मा त्याची जागा घेत नाही. ग्राइंडर चालविताना चष्म्यावर संपूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढालही लावावी. अंगात सुती, अंगाबरोबरचे कपडे असावेत. नायलॉन व टेरिलीन ठिणगीने वितळून कातडीला चिकटतात. गळ्यातील रुमाल, उपरण्याचे टोक, लुगड्याचा पदर, बांगड्या ह्या गोष्टी फिरत्या चकतीजवळ येऊ देऊ नयेत. सैल सुती हातमोजेही तेथे घातक. घालावयाचेच तर हाताला घट्ट बसणारे चामड्याचे घालावेत.

डोळ्यात कण गेल्यास डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावा. कण तरीही निघाला नाही तर रुमालाच्या टोकाने, काडीने, सुईने किंवा जिभेने काढण्याचा प्रयत्न कोणासही करू देऊ नये. लोखंडाचा कण बुबुळावर काही तासांतच गंजू लागतो. त्याच दिवशी यावलच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा नेत्रतज्ज्ञाकडे जावे. घाव घालताना टोचल्यासारखे वाटले व नंतर अंधूक दिसू लागले, तर डोळा धुण्याच्या भरीस न पडता त्यावर दाब न देता स्वच्छ पेला उपडा धरून बांधावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लोखंडावर काम करताना हे झाले, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आत लोखंड असेल तर चुंबकीय तपासणी करता येत नाही. बोट तुटल्यास तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावा व ती पिशवी बर्फावर ठेवावी; बोट थेट बर्फात घालू नये. गंजलेल्या सळईने झालेली जखम लहान असली तरी धनुर्वाताच्या लसीची चौकशी त्याच दिवशी करावी.

ज्या तरुणांना हे काम हाताखाली शिकावयाचे असेल त्यांनी तालुक्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर व वेल्डर ह्या व्यवसायांची चौकशी करावी. पावसाळ्यात चकत्या व एक्सा पाती दमट भिंतीशी ठेवू नयेत. पात्यांना तेलाचे बोट फिरवावे, चकत्या सपाट व कोरड्या डब्यात ठेवाव्यात. टाकावयाची चकती प्रथम दोन तुकडे करून मगच टाकावी, म्हणजे ती कोणी उचलून पुन्हा यंत्रावर चढविणार नाही.